हळदीला न जाणारे स्पीकर

राहनाळ गावात एक कायदा आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच सगळे तो पाळतात. भावकीत कुणाकडे हळद असली, की ज्याच्या घरी जे असेल ते त्या दिवसापुरतं सगळ्यांचं. टोप, पातेली, सतरंज्या, खुर्च्या, टेम्पो, पाण्याची मोटर, झालंच तर घरातला एखादा चांगला वाढपी. विचारायला कुणी येत नाही, न्यायलाच येतात. "टोप नेतंव गो वहिनी," हे वाक्य टोप दाराबाहेर पडल्यावर कानावर येतं. परत येताना टोपाला पोचा असतो, सतरंजीला भोक असतं आणि वाढपी दोन दिवस झोपून असतो. तक्रार कुणी करत नाही, कारण पुढच्या महिन्यात आपल्याकडेही हळद असते.

या कायद्याविरुद्ध उभा राहिलेला गावातला पहिला माणूस म्हणजे केसरीनाथ तरे. तेही स्पीकरच्या एका जोडीसाठी.

केसरीनाथला ओळखायला त्याला बघावं लागत नाही, ऐकावं लागतं. तरुणपणी दोन वर्षं कामतघरला कापडाच्या पॉवरलूमवर ड्युटी केली. तिथे शेजारच्या माणसाला तंबाखू मागायची तरी ओरडावं लागतं. पुढे पंचवीस वर्षं 'केसरी साउंड सर्विस' चालवली. भावकीला फुकट, बाकीच्यांना भाड्याने. टेम्पोवर लिहिलेलं असे, 'मांडव तुमचा, आवाज आमचा'. या दोन धंद्यांमुळे केसरीनाथचा आवाज असा झाला होता, की तो तुमच्या कानात काही गुपित सांगायला वाकला की शेजारच्या घरातून त्यावर मत यायचं.

मग शेतांवर गोडाऊनं उभी राहिली, भाडं घरबसल्या यायला लागलं. नव्या पोरांनी रंगीत लाइट आणि धूर सोडणारे डीजे आणले. केसरीनाथने साउंड सर्विस बंद केली, जुने बॉक्स विकून टाकले आणि दोन हजार सहा सालच्या दिवाळीनंतर एकदा माझ्याकडे येऊन बसला. मी त्याच्या मितेशला शाळेत शिकवलेलं, म्हणून मी त्याचा मास्तर.

"मास्तर, पंचवीस वरसं गानी लावली. ऐकला एक पन न्हाय."

"असं कसं?"

"आवाजवाला उभा कुठं ऱ्हातंय? बॉक्साच्या मागं. वायर जलली का ते बघाला. मागून गाना ऐकलाय कधी? नुसता धबधब. शेजारी कोन भात कांडतंय असा वाटतंय. आता मना फुडं बसायचाय. माझ्या घरात, बनियनवर. चांगलंतलं चांगलं स्पीकर घेनार." मग त्याने दाराकडे बघितलं आणि त्याच्या मानाने फारच खाली आवाज आणून म्हणाला, "आनि ते हलदीला जानार न्हायत. कोनाच्याच न्हाय. भाऊ येऊ दे न्हायतर देव येऊ दे."

शेजारून खिडकी उघडल्याचा आवाज आला. बातमी गावात पोचली होती.

आम्ही मुंबईला फोर्टातल्या एका दुकानात गेलो. केसरीनाथ, त्याची बायको कमळावहिनी, मितेश आणि मी. पहिल्या मजल्यावर बँकेच्या तिजोरीसारखं जाड दार. आत इतकं शांत, की वहिनींच्या बांगड्या वाजल्या तर दचकायला झालं. दुकान सांभाळणारे सबनीस नावाचे गृहस्थ इतक्या हळू बोलायचे, की आम्ही चौघे त्यांच्याभोवती गोल करून वाकलो होतो.

"याला काय झालाय?" केसरीनाथने मला विचारलं. "कोन वारला का घरात?"

"हळू बोला," वहिनी म्हणाल्या. "इथं सगळीच आजारी दिसतात."

सबनीसांनी हसून आम्हाला कोचावर बसवलं आणि पहिली जोडी लावली. पुरुषभर उंचीचे दोन काळे खांब. गाणं सुरू झालं आणि बघतो तर केसरीनाथ जागेवर नाही. तो खांबाच्या मागे हाताची घडी घालून उभा. मधूनच बॉक्सला तळवा लावून तापलाय का ते बघत होता.

"सर, इकडे बसून ऐकायचं असतं," सबनीस म्हणाले.

"मी हितंच बरा हाय."

"आवं, भाड्यानं न्हाय आलाव आपून!" वहिनी म्हणाल्या. "बसा इकरं गुमान."

तो येऊन बसला, पण कोचाच्या काठावर. बोलावलं की पळता यावं असा. पहिली जोडी त्याला पसंत पडली नाही. "हा छाती काढून गातंय. माझ्याच धंद्यातला दिसतो." दुसरी जोडी लावली तर दोन मिनिटांत म्हणाला, "हिची शिट्टी कानात जातंय. बंद करा." मितेशला दुसरी फार आवडली होती. तो म्हणाला, "पप्पा, हिचा बेस बघा ना." "बेस मी गावाला पंचवीस वरसं दिलाय. अजून पोटात हाय लोकांच्या."

तिसरी जोडी पुण्याच्या एका छोट्या कारखान्याची होती. कमरेएवढी उंच, अंगाने सडपातळ. सबनीस म्हणाले की हे लोक तयार माल ठेवतच नाहीत. गिऱ्हाईक सांगेल तसं लाकूड, तसं कापड, तसे आतले भाग घालून जोडी बनवून देतात. त्यांनी एक साधीच सीडी लावली. ढोलकी, बाजाची पेटी आणि एक बाई. केसरीनाथने ओळभर ऐकलं आणि बायकोला कोपराने ढोसलं.

"जरा सरक गो. ढोलकीवाल्याला जागा दे."

आणि वहिनी खरंच सरकल्या. मग स्वतःच्याच करणीवर इतक्या हसल्या, की सबनीसांना गाणं थांबवावं लागलं. केसरीनाथ मात्र हसला नाही. पहिल्यांदाच तो कोचाला पाठ टेकून बसला होता. "हीच," तो म्हणाला. तेही हळू.

मग सबनीसांनी नमुन्यांची पेटी उघडली. लाकडाचे तुकडे, कापडाचे तुकडे, पितळी पाय. इथे मात्र तरे कुटुंब खुललं, कारण लग्नाचा बस्ता बांधायची सवय सगळ्यांनाच होती. वहिनींनी शिसवीचा काळसर तुकडा उचलला. "हा घ्या. हळदीचा हात लागला तरी दिसायचा न्हाय."

केसरीनाथ ताडकन उठला. "हलदीचा हात लागनारच न्हाय! फिकट लाकूड द्या हो. सगल्यात फिकट काय हाय ते. डाग दिसला पायजे. कोनी हात लावला ते मना कललाच पायजे."

फिकट सागवान ठरलं. कापड राखाडी. बारीक सुरांचा भाग मऊ आवाजाचा की धारदार, असं सबनीसांनी विचारलं. केसरीनाथ म्हणाला, "मऊ. धारदार आवाजाचं माप माझं भरलाय." मितेशने खाली निळी लाइट लावता येईल का असं विचारून बघितलं. "लाइट तुझ्या हलदीला लाव," एवढ्यावर तो विषय मिटला.

"अजून काही बदल?" सबनीसांनी लिहिता लिहिता विचारलं.

"हां. हे उचलता येता कामा नये."

सबनीसांचं पेन थांबलं. "उलट हे वजनाला हलके आहेत, सर. एकटा माणूसही आरामात उचलेल."

"तीच तर भीती हाय!"

मी त्यांना राहनाळचा कायदा समजावून सांगितला. ते बिचारे गंभीर झाले. "म्हणजे चोरीची भीती आहे तर."

केसरीनाथ दुखावला. "चोरी कशाला? भाव हायत ते माझं."

भावांपासून रक्षण करणारे स्पीकर सबनीसांनी आजवर विकले नव्हते. पण माणूस हाडाचा कारागीर. त्यांनी कारखान्याला फोन लावला, कागदावर आकृती काढली आणि तोडगा दिला. स्पीकरच्या तळाला पोलादी पाट्या, खाली कडाप्पा, आणि पाटीतून, कडाप्प्यातून थेट जमिनीच्या काँक्रीटपर्यंत बोल्ट. बोल्टची डोकी पाटीच्या आत बुजवून वरून बंद. "पण एकदा ठोकले की हलणार नाहीत," ते म्हणाले. "आणि स्पीकरची जागा इंचभर चुकली तरी आवाज बिघडतो. मला घरी येऊन जागा ठरवावी लागेल."

दोन महिन्यांनी माल आला आणि सबनीसही आले. त्यांनी टेप काढला, भिंतीपासून अंतर मोजलं, स्पीकर चार बोटं पुढे ओढले, गाणं लावलं, मान हलवली, दोन बोटं मागे सारले. मग कपाट हलवलं, सोफा हलवला, खडूने जमिनीवर रेघा मारल्या. दाराशी गर्दी जमली होती. टेप हातात घेतलेला, हळू बोलणारा, पांढऱ्या शर्टातला माणूस सामान हलवायला सांगतोय म्हटल्यावर गावाने काय ओळखायचं ते ओळखलं. वास्तुवाला आलाय!

"साहेब, आमच्या पन घरात या," एकाने हात धरला. "बाथरूम दक्षिनेला हाय, धंदा चालत न्हाय."

सबनीस म्हणाले, "मी फक्त आवाजाचं बघतो."

"आवाज पन हाय ना! सासूसुनंचा."

शेजारची पुतळाबाई गावातली जुनी धवलारीण. लग्नातली विधीची गाणी, म्हणजे धवले, गायचा मान तिचा. ती आत डोकावली, केसरीनाथचं कपाट कुठल्या भिंतीला गेलं ते बघून गेली आणि जाऊन आपलं कपाट त्याच भिंतीला लावलं. तिचा गुडघा त्यानंतर बरा झाला असं ती आजही सांगते.

बोल्ट ठोकले गेले. केसरीनाथ बनियनवर समोर बसायला लागला. ते दिवस भारनियमनाचे, त्यामुळे निम्मा वेळ वीजच नसायची. पण तो बसलेलाच असायचा. मी एकदा विचारलं, "बंद आहे ना?" तर म्हणाला, "बंद असला तरी फुडं बसलोय ना."

आणि मग माघात त्याचा चुलत भाऊ अनंता आला. त्याच्या सार्थकची हळद होती. अनंता म्हणजे भावकीत पुढे पुढे करणारा माणूस. पांढरे बूट, गळ्यात साखळी, आणि गोष्ट ठरायच्या आधीच ती ठरली म्हणून चारचौघांत सांगायची सवय. बरोबर चार पोरं आणि बाहेर टेम्पो.

"दादूस, स्पीकर नेतंव."

"न्हाय."

अनंताला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "हलद हाय सार्थकची. स्पीकर नेतंव."

"हलद हाय म्हनूनच न्हाय. टोप ने. मोटर ने. खुर्च्या ने. मना ने, मी भात वाढीन. स्पीकर न्हाय."

"अरं, तुझा पुतन्या हाय तो!"

"म्हनून तर त्याच्या हलदीला नाचाला येतंव. स्पीकर येनार न्हायत. त्यांना नाचता येत न्हाय."

पोरांनी अनंताच्या डोळ्यांकडे बघितलं आणि दोघादोघांनी एकेका स्पीकरला मिठी मारली. केसरीनाथ सोफ्यावर तसाच बसून राहिला. पायावर पाय टाकला. पोरं लाल झाली, चौथ्याच्या शर्टाचं बटण तुटलं. स्पीकर हलले नाहीत.

"यात दगडी भरल्याव काय?" अनंता खाली वाकून बघायला लागला.

"आख्खा राहनाळ गाव हाय त्याच्या खाली," केसरीनाथ म्हणाला. "उचल."

"दादूस, मी सार्थकच्या काल्हेरच्या मामांना सांगून बसलोय. परदेशी साउंड हाय म्हनून. माझं तोंड कुठं ऱ्हाईल?"

"एक तर ते पुन्याचं हाय. आनि तुझं तोंड हाय तिथंच ऱ्हाईल. माझ्या घरातली एक वस्तू माझी हाय अनंता, एकच. ती मी कोनाला देनार न्हाय. जा, भावकीला सांग."

अनंताने सांगितलं. भावकी बसली. केसरीनाथच्या घरच्या हळदीला कुणी जाऊ नये इथपासून त्याच्या जमिनीखालचं काँक्रीट फोडावं इथपर्यंत सूचना आल्या. शेवटी कुणाच्या तरी डोक्यातून सगळ्यात भयंकर कल्पना निघाली. स्पीकर हळदीला येत नाहीत ना? मग हळदच स्पीकरकडे जाईल. अनंताची गल्ली अरुंद, केसरीनाथचं अंगण मोठं. मांडव त्याच्या दारात!

आता ही पंचाईत बघा. आपल्या दारात मांडव नको म्हणणं म्हणजे पुतण्याच्या लग्नाला अपशकुन. केसरीनाथ भावकीला नाही म्हणू शकत होता, मांडवाला नाही. तो रात्रभर जागा राहिला असं मी म्हणणार होतो, पण वहिनी म्हणाल्या, चांगला घोरत होते. सकाळी उठून त्याने निरोप पाठवला. "मांडव घाला. जेवन करा. स्पीकर लागतील. पन बटन माझ्या हातात. आवाज वाढनार न्हाय."

अनंताने फक्त 'स्पीकर लागतील' एवढंच ऐकलं.

हळदीच्या संध्याकाळी अंगण भरलं. काल्हेरचे मामे गाड्या घेऊन आले. नवरदेवाच्या अंगाला हळद, बायकांच्या हाताला हळद, पोरांनी एकमेकांना फासलेली हळद, आणि हळदीचे हात आत येऊ नयेत म्हणून हॉलच्या दोन्ही दारांना केसरीनाथने आडवी दोरी बांधलेली. आत अॅम्प्लिफायरजवळ खुर्ची टाकून तो बसला, आणि शेजारी स्टुलावर कमळावहिनी. बटण त्याने नेहमीच्या जागी ठेवलं आणि गाणं लावलं.

पाच मिनिटांनी अंगणातून एक मामा आत डोकावला. "चालू झाला का?"

"झालाय."

"मग ऐकाला कसा येत न्हाय?"

"तू बोलतंस म्हनून."

मामाने बाहेर जाऊन सांगितलं. बाहेर हशा झाला, मग कुजबुज, मग अनंताचे पांढरे बूट आत आले. त्यावर आता पिवळे ठिपके होते.

"दादूस, थोडा वाढव."

"न्हाय."

"एक इंच."

"इंचानं बिघडतंय. सबनीसांना विचार."

"लोक काय बोलतील?"

"बोलतात तेच बोलतील. मी काय केलाय पंचवीस वरसं? लोकांचं बोलनं बंद करायचाच धंदा केला. आता बोलू दे की. ज्याला गाना ऐकायचाय त्यानं गप बसावं. ज्याला बोलायचाय त्यानं बोलावं. दोनी एकदम न्हाय मिलनार माझ्या घरात."

मितेशला पाठवण्यात आलं. "पप्पा, माझे मित्र हसतायत." "हसताना बरं दिसतात ते. हसू दे." मग एक म्हातारे काका आले. त्यांनी भावकी, पूर्वज आणि केसरीनाथचे स्वर्गवासी वडील अशी तिन्ही शस्त्रं काढली. केसरीनाथने त्यांच्या पाया पडून बटणावरचा हात तसाच ठेवला. मग अनंताने वहिनींना गाठलं. "वहिनी, तुमीच सांगा याला."

वहिनींनी पदर खोचला. "भावजी, हे बटन फिरवायचं असंल तं पयले मना उठवा या स्टुलावरून. माझ्या लग्नाच्या हळदीला पन यांचा भोंगा होता. यांनी मना काय ईचारलं ते मना आजून कळला न्हाय. मी आपली हो बोलली." केसरीनाथने चमकून बायकोकडे बघितलं. आपण काय विचारलं होतं, हे आता त्यालाही आठवेना.

त्या संध्याकाळी ते बटण खरंच फिरलं, पण एकदाच, आणि उलट्या दिशेने. पुतळाबाई काठी टेकत आत आली आणि म्हणाली, "केसरी, तुझा डबा बंद कर. मना धवला बोलायचाय." त्याने एका क्षणात आवाज शून्यावर आणला. पुतळाबाई अंगणात जाऊन नवरदेवाजवळ बसली आणि धवला म्हणायला लागली. आजवर तिचा धवला डीजेखाली जायचा, नुसते ओठ हललेले दिसायचे. त्या दिवशी अंगणातल्या बायका एकेक करून गप्प झाल्या. सार्थकला पहिल्यांदाच कळलं की धवल्यात आपलं, आपल्या आईचं आणि आजोळचं नाव येतं. तो हळदीच्या तोंडाने रडायला लागला. मामांनी त्याला आधी प्यायलेला समजून बाजूला घेतलं.

धवला संपला, केसरीनाथने पुन्हा गाणं लावलं. बटण पुन्हा तिथेच. पण पोरांचा दम संपला होता. त्यांनी मोबाइलवरून नाक्यावरच्या डीजेवाल्याला बोलावलं. मोठ्या रस्त्यावर टेम्पो येऊन उभा राहिला, धूर सुटला आणि अंगणातली निम्मी गर्दी त्या दिशेने पळाली.

अनंता शेवटचा आत आला. घाम, हळद आणि अपमान तिन्ही एकत्र गळत होते.

"दादूस, शेवटचा ईचारतंव. वाढवतोस का न्हाय?"

"न्हाय."

"पोरा चालली भायेर. काल्हेरचा मोठा मामा पन चालला."

"जाऊ दे."

"मी पन चाललो."

"जा. जाताना दार लावून घे. आवाज आत येतंय."

अनंता दारापर्यंत गेला. रस्त्यावरचा डीजे आता असा धडधडत होता की दाराची कडी आपोआप वाजत होती. उंबऱ्यावरून त्याने एकदा बाहेर बघितलं, एकदा आत. मग त्याने जोर लावून दार लोटलं आणि कडी घातली. आतून.

सोफ्यावर पुतळाबाई होती, मी होतो, वहिनींच्या दोन जावा होत्या. चपलांच्या बुटक्या कपाटावर तो आमच्याकडे पाठ करून बसला, आपण हे ऐकत नसल्याचं सगळ्यांना दिसावं अशा बेताने. गाण्याचं कडवं संपलं, ढोलकी एकटी वाजायला लागली.

"दादूस," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "या गान्यात मागं कोन खोकलं का रं?"

"गप," केसरीनाथ म्हणाला. "ऐक."